गुरुवारच्या बाया

१३ फेब्रुवारी २००३, गुरुवार
महिला मंडळाची प्रार्थना आज रत्नम्माच्या घरी. मोजक्याच आल्या. जवान पोरी सगळ्या पुण्याला नाहीतर हैदराबादला, बांधकामावर. मागं उरलो आम्ही म्हाताऱ्या आणि दोन-तीन लेकुरवाळ्या. गाणं उचलायला कुणी नाही. मी सुरू करते, दुसऱ्या कडव्याला दम लागतो.

प्रार्थना चालू असताना दारात सुमित्रा उभी. सोबत लेक, आशा. पुण्याहून कायमची परत आली म्हणाली. नवरा दानियल दिवाळीच्या सुमारास तिकडंच वारला, ते कळलं होतं. ट्रकवर ड्रायव्हर होता. ताप होता म्हणे.

तिची गालफडं आत गेलीत. पण गायला लागली आणि घर भरल्यासारखं झालं. आवाज तोच. लग्न होऊन आली तेव्हापासून मंडळाची गाणी तीच सांगायची.

जाताना प्रत्येकीनं मुठीची ज्वारी ओतली. रोज भाकरीचं पीठ काढायच्या आधी एक मूठ बाजूला ठेवायची, हा आमचा जुना नेम. यावेळची ज्वारी सुमित्राला दिली. घेताना खाली मान.

२ मार्च, रविवार
आज चर्चमध्ये जे झालं ते लिहायलाही नको वाटतंय.

महिन्याचा पहिला रविवार, प्रभुभोजन. आमच्याकडं द्राक्षरसाचा प्याला एकच, सगळ्यांना. बायांच्या रांगेत सुमित्रा मधोमध गुडघे टेकून होती. पास्टरनी तिच्या ओठाला प्याला लावला. तिच्या शेजारची उठून जागेवर गेली. मग तिच्या पलीकडची. मागं थांबलेल्या बाया पुढं आल्याच नाहीत. पुरुषही बसून राहिले.

पास्टर कोवळा पोरगा, हुमनाबादकडचा, कानडी. प्याला धरून तसाच उभा. मी आधीच घेऊन बसले होते. पुन्हा जावं का, तसं चालतं का, काही सुचेना. शेवटी त्यानंच उरलेलं सगळं पिऊन टाकलं आणि आशीर्वाद म्हटला.

बाहेर आल्यावर कळलं. पुण्याहून कुणीतरी निरोप आणलाय, दानियल साध्या तापानं गेला नाही, त्या आजारानं गेला. आणि सुमित्रालाही तोच.

६ मार्च, गुरुवार
राहेलअक्का माझी थोरली जाऊ, मंडळाची अध्यक्षीण. प्रार्थनेआधीच बोलली, सुमित्राला ज्वारी पाठवू, तेल पाठवू, पण बसायला बोलवायचं नाही. लेकुरवाळ्या बाया हायत.

मी म्हणलं, तालुक्याला, कल्याणच्या दवाखान्यातल्या नर्सबाईला मी विचारून आलेय, जवळ बसून, हात लावून होत नाही. एका ताटात जेवून पण नाही.

अक्का म्हणली, "नर्सबाई तिच्या घरी जाती. आपल्याला हितंच ऱ्हायचंय."

रत्नम्मानं पदर तोंडाला लावला. निरोप सांगायचं काम माझ्यावर आलं. मी सांगणार नाही म्हणून उठून आले.

पण सांगावं लागलंच नाही. सुमित्रा आली नाही.

२४ मार्च
सुमित्राच्या घरी गेले. लक्ष्मीबाई आधीच तिथं. शेजारीण, धनगराची. त्यांची मेंढरं कधीच गेली, आता दोन शेरडं आणि दुसऱ्याच्या रानात रोजगार. ती चर्चची नाही, कशाची नाही. रोज सकाळी शेरडाचं दूध आणून देते. मी विचारलं, तुला भ्या वाटत नाही? "वाटतंय की," म्हणाली. "पर पोरगी बारकी हाय. चूल कोण पेटवावं?"

सुमित्राला उठवत नाही. तोंड आतून सोललंय, पाणी गिळताना डोळे मिटते. पुण्याच्या डॉक्टरनं सांगितलेलं ती कुणाला बोललीच नव्हती. दानियल गेल्यावर खोलीमालकानं बाहेर काढलं. दवाखान्याचं विचारलं, तर म्हणाली, औषध हाय म्हणं, पण मोठ्या शहरात, आणि आपल्या आवाक्यातलं न्हाई.

आशा बाहेर भांडी घासत होती. तेवढ्यात सुमित्रानं माझा हात धरला. "काकू, रूथआजी गेली तवा मी आंघोळ घातलती. सुंदराबाईला बी. मला घालतील का बाया?"

मंडळाचं हे सगळ्यात जुनं काम. आमच्यातली बाई गेली की आम्हीच न्हाऊ घालतो, पांढरी साडी नेसवतो, केस विंचरतो, गात गात. सुमित्रा लहान असूनही पुढं असायची, बाकीच्या पोरी पळून जायच्या.

मी म्हणलं, घालतील. सगळ्याजणींच्या वतीनं मीच म्हणून टाकलं.

१८ एप्रिल, उत्तम शुक्रवार
वधस्तंभाची तीन तासांची उपासना. ऊन भयंकर. सुमित्रा आली होती, लक्ष्मीबाईच्या खांद्यावर हात टाकून. आत आली नाही. बाहेर लिंबाखाली बसली.

पास्टरनं कानडी गाणं घेतलं, मग आम्हा बायांना मराठी घ्यायला सांगितलं. सुरुवात केली, पण सगळ्यांचे कान बाहेर. ती तिथून म्हणत होती, हळू, पण शब्द नि शब्द ऐकू येत होता. आम्ही एकेक करून थांबलो. बाहेरून तिनं एकटीनंच गाणं पुरं केलं.

उपासना संपल्यावर बाया दुसऱ्या दारानं गेल्या.

२२ एप्रिल
राहेलअक्काशी कडाक्याचं भांडण. मी तिच्या घरी जाऊन म्हणलं, तू अध्यक्षीण, तू एकदा तिच्या दारात गेलीस तर बाकीच्या येतील. तुझ्याइतकं कठोर काळीज मी बघितलं नाही, असंही बोलून गेले.

ती ज्वारी निवडत होती. सूप खाली ठेवलं. मग म्हणली, "प्रकाश त्याच ट्रकवर हुता, सुशीला. दानियल ड्रायव्हर, माझं लेकरू क्लीनर. एका ताटात जेवत हुते. रातीला जिथं दानियल गेला तिथं तो बी गेला आसंल."

प्रकाश तिचा एकुलता एक. पोळ्याला येऊन गेला, त्यानंतर फोन नाही, पत्र नाही. लग्नाचं बघायलेत.

"तिच्या तोंडाकडं बघितलं की मला माझ्या पोराचं तोंड दिसतंय. मी कशी जाऊ?"

मी तिच्याजवळ बसून ज्वारी निवडू लागले. उठून आले तेव्हा दोघींनीही एकमेकीकडं बघितलं नाही.

१० मे
उमरग्याहून सुमित्राचा भाऊ आला. उंबऱ्याबाहेर बाजेवर बसला. चहा घेतला नाही. आशाचं विचारल्यावर म्हणाला, घरात विचारून कळवतो. बहिणीला हाक मारून गेला, आत गेला नाही.

सुमित्रा मला म्हणाली, "तो कळवणार न्हाई." नुसतं सांगितल्यासारखं. रडली नाही.

मी म्हणलं, आशा माझ्याकडं राहील. पोरगा पुण्यात, घर रिकामंच. बोलताना सोपं वाटलं. घरी येऊन विचार करत बसले. माझे गुडघे, माझं वय. आणि तिला पण असलं तर?

१२ जून, गुरुवार
सुमित्रा पहाटे गेली. लक्ष्मीबाई सांगत आली.

रत्नम्माकडं गेले. सून आडवी आली, त्यांना बरं नाही म्हणाली. बाकी दोन घरी दारच उघडलं नाही. मग नुसतं जाऊन सुमित्राच्या दारात बसले. पास्टरची बायको आली, हातात साबण आणि पांढरी साडी. लग्न होऊन वर्षही झालं नसेल तिला. मराठी येत नाही. कानडीत म्हणाली, मला काय करायचं ते सांगा, मी करते.

आम्ही तिघी. लक्ष्मीबाईला मी म्हणलं, तुझ्या माणसांना चालंल का? म्हणाली, त्यांला इचारलंच न्हाई.

अंगात काही राहिलंच नव्हतं. कुशीवर वळवायला एकजण पुरली. नर्सबाईनं सांगितलं होतं तसं जखमांवर आधी फडकं बांधलं, आमच्या हाताला प्लास्टिकच्या पिशव्या बांधल्या. केस विंचरताना हातात येत होते, तेव्हा कंगवा ठेवून नुसता हात फिरवला.

पाणी कमी पडलं. बघते तर उंबऱ्यावर ऊन पाण्याची घागर. ती संपली, दुसरी आली. राहेलअक्का तिच्या घरून पाणी तापवून आणत होती. आत आली नाही. घागर टेकवायची, आणि तोंड फिरवून जायची. शेवटची ठेवली तेव्हा तिथंच खाली बसली, भिंतीला टेकून.

गाणं मी सुरू केलं. पास्टरच्या बायकोला शब्द माहीत नव्हते, ती नुसता सूर धरत होती. लक्ष्मीबाई साडी नीट करत होती. बाहेरून अक्काचा आवाज आला, अगदी बारीक.

दिलेला शब्द निम्माच पाळला गेला. सगळ्याजणी म्हणलं होतं मी.

मातीला पुरुष आले, पण लांब उभे राहिले. आशानं मूठभर माती टाकली आणि माझ्याकडं आली. काकू म्हणत नाही आता, आजी म्हणते.

२६ जून, गुरुवार
मंडळाला मी, रत्नम्मा आणि पास्टरची बायको. रत्नम्मा सारखं सांगत होती की त्या दिवशी तिला खरंच बरं नव्हतं. मी ऐकून घेतलं. अक्का आली नाही.

आशाला शाळेत मागच्या बाकावर एकटीला बसवलंय. तिनं मला सांगितलं नाही, लक्ष्मीबाईच्या नातीनं सांगितलं. पास्टर म्हणतात, मिशनच्या एका वसतिगृहात जागा मिळंल, शिक्षण होईल. पण तिथले लोक आधी रक्ताची तपासणी करून कागद आणा म्हणतात.

कागद चांगला आला तर पोर जाईल. वाईट आला तर राहील. कोणता यावा म्हणून प्रार्थना करायची, हे देवाला ठाऊक आहे, पण मला बोलायचं धाडस होत नाही.

१० जुलै
प्रकाश आला. अक्काच्या अंगणात बाजेवर निजलेला दिसला, भर दुपारी अंगावर पांघरूण. अक्कानं मला बघितलं आणि आत गेली.

संध्याकाळी स्वतः आली माझ्याकडं. उभ्या उभ्याच म्हणली, "तू आशाला तपासायला कदी नेणार हाईस?"

बुधवारी, म्हणलं.

"आमी बी येतो."

१६ जुलै, बुधवार
घरी आलेय. अंधार पडला. लिहून ठेवते.

सकाळच्या गाडीनं कल्याणला गेलो. आशा माझ्याजवळ खिडकीशी, अक्का आणि प्रकाश पुढच्या सीटवर. वाटेत मुडबी गाव मागं पडलं. आशानं एकदाच विचारलं, सुई दुखती का. प्रकाश मागं वळून म्हणाला, "मुंगी चावल्यासारखं." तिला हसू आलं. त्यालाही.

दवाखान्यात रांग. आशाचं नाव आधी आलं. तोंड घट्ट मिटून बसली, ओरडली नाही. कागद सोमवारी न्या म्हणाले.

मग प्रकाशचं नाव पुकारलं. तो उठला, अक्काकडं बघितलं, आणि दुसऱ्या दाराकडं चालायला लागला. आम्हाला वाटलं लघवीला गेला. नाव दुसऱ्यांदा पुकारलं. तिसऱ्यांदा पुकारल्यावर मागच्या माणसाला बोलावलं.

बाजारात बघितलं, चहाच्या टपऱ्या बघितल्या. बसस्टँडवर एकजण म्हणाला, असा एक पोरगा सोलापूरच्या गाडीत चढला. तोच का दुसरा, कोण जाणे.

आमची गाडी लागली. मी म्हणलं अक्का, चल. पोर भुकेली हाय.

"तुमी जावा. मी बसते हितं. आला तर चुकामूक हुईल."

मी थांबते म्हणलं, तर आशाच्या डोक्यावरून हात फिरवला तिनं. पहिल्यांदाच. "हिला घरला ने. न्हाईतर आंधार हुतो."

गाडी वळली तेव्हा ती फाट्याकडं तोंड करून उभी होती.

आशानं भाकरी खाल्ली आणि झोपली. दंडावर कापूस तसाच, काढू देत नाही. अक्काच्या घराला अजून कुलूपच.

उद्या गुरुवार. पहिल्या गाडीनं कल्याणला अक्काला बघायला जायला पाहिजे. आशाला लक्ष्मीबाईकडं ठेवावं का सोबत न्यावं?