मागच्या चाकांवरचं वजन

११ जाने., रविवार
चाकांवरच्या घराची पहिली फेरी. डोंबिवलीहून वर्तकनगरला, नणंदेकडे. जुनी मिनीबस घेऊन तिच्यात पलंग, ओटा, पाण्याची टाकी, सगळं बसवलंय. मणक्याच्या ऑपरेशननंतर मला अर्ध्या तासाच्या वर बसवत नाही, म्हणून हा खटाटोप. चार वर्षं माहेरी पाऊल नाही. आता पलंगावर आडवी होऊन, पट्टे लावून थेट गुहागर. आई एकटीच असते तिथे. रोज फोनवर विचारते, "झाली का गं गाडी?"

माजिवड्याचा पूल उतरताना मागून घासल्याचा आवाज, जळक्या रबराचा वास. हे म्हणाले, "दुसऱ्या कुणाच्या गाडीचा असेल." हो, दुसऱ्यांच्याच गाड्या जळतात नेहमी!

नणंद गाडी बघायला खाली आली आणि पहिलं वाक्य काय, तर "दादा, मागून बसलीय रे ही." ह्यांनी लगेच विषय बदलला. विषय बदलला म्हणजे पटलेलं असतं.

१२ जाने.
सकाळी ह्यांनी वाकून टायर बघितले. मागचे दोन्ही वरच्या पत्र्याला घासलेत. म्हणाले, असं हायवेवर न्यायचं नाही, आधी वजन करू.

वजन जास्त भरलं तर काय काढणार? पलंग मागच्या चाकांच्याही मागे आहे आणि त्या पलंगावर मी. ऑपरेशननंतर सुटलेय ते वेगळंच. ह्यांना काही बोलले नाही. उगाच कशाला.

१४ जाने., संक्रांत
तिळगूळ, हळदीकुंकू एकीकडेच, दहा मिनिटांत परत घरी. आईचा फोन. "ह्या महिन्यात येताय ना?"
"बघू" म्हटलं. फार वाईट वाटलं.

१७ जाने., शनि.
एमआयडीसीतल्या वजनकाट्यावर. पुढे केमिकलचा टँकर, मागे भंगाराचा ट्रक आणि मधे आम्ही, खिडकीला फुलाफुलांचे पडदे. ह्यांचं म्हणणं, जसं जायचं तसंच वजन करायचं. म्हणजे टाकी भरलेली, डिझेल फुल्ल, डबे, भांडी, सिलिंडर आणि मी पलंगावर. आधी अख्खी गाडी, मग नुसती मागची चाकं.

काटेवाल्याने डोकावून विचारलं, "मावशी, उतरायचं नाय?"
"नाही रे. मी सामानात धरलेय."
तो हसला. मला नाही हसू आलं.

अख्खी गाडी मर्यादेत, अगदी काठावर. मागच्या चाकांवर मात्र दीडशे किलो जास्त! हे पावती घेऊन खिडकीशी आले. मी पडल्या पडल्या विचारलंच, "मला काढायचं का?"
"तोंडाला येईल ते बोलू नकोस. सगळी गाडी रिकामी करीन, पण तू त्याच पलंगावर जाणार." एवढे चिडलेले बरेच दिवसांत बघितले नव्हते.
डोळे भरून आले. खरं सांगायचं तर हेच ऐकायचं होतं.

१८ जाने.
हे सकाळपासून गाडीत, एकेक वस्तू उचलून बघतायत. अकराला ओरडले, "दगड! दगड गं!"
आमचा मिस्त्री! सोसायटीतली निम्मी किचनं त्याने केलीत, म्हणून गाडीचं कामही त्यालाच दिलेलं. त्याने चक्क वन रूम किचन केलंय. ग्रॅनाइटचा ओटा, खाली कडप्प्याच्या फळ्या, भिंतीला टाइल्स, वर माळा. सगळं मागच्या बाजूला. आणि आम्ही दोघं तेव्हा शेजाऱ्यांना कौतुकाने दाखवत होतो!

मिस्त्रीला बोलावलं. आला तो फुरंगटूनच. "वहिनी, आजवर माझा एक ओटा हललेला नाय."
"अरे, पण आजवर घर हलत नव्हतं ना!"

२१ जाने.
ओटा गेला, कडप्पा गेला, टाइल्स, माळा, सगळं गेलं. फोडताना मिस्त्रीचा चेहरा बघवत नव्हता. आता अ‍ॅल्युमिनियमचं घडीचं टेबल. सिलिंडर छोटा. टाकी निम्मीच भरायची, वाटेत पाणी मिळतं की. ओटा दिसायला छान होता हो पण.

२४ जाने., शनि.
पुन्हा काटा. पुन्हा मी पलंगावर, छताकडे बघत. देवाचं नाव घ्यायचं तर एकही आठवेना.

बाहेरून ह्यांचा आवाज, "बसलं! साठ किलो कमीच आहे!" पुढची चाकंही ठीक.
जीव भांड्यात पडला. हे काटेवाल्याला तिळगूळ देऊन आले. उद्या रथसप्तमी, म्हणजे अजून चालतो. घरी येऊन दोघांनी पिठलं-भात पोटभर खाल्ला. दुपारी मला अशी झोप लागली, की पाठ आहे हेच विसरले.

२५ जाने., रथसप्तमी
आईला कळवलं, शुक्रवारी निघतोय. मला वाटलं रडेल. पण नाही. म्हणाली, "त्यात झोपून येता येतं ना गं?"
"हो."
"मग परत जाताना मला नेशील?"

बाबा गेल्यावर इकडे ये म्हणून किती विनवण्या केल्या. दर वेळी एकच, डोंबिवलीत माझा जीव रमत नाही, आणि एसटीचा प्रवास गुडघ्यांना झेपत नाही. आता आपणहून विचारतेय. काय झालं, विचारायचा धीर झाला नाही. "नेते" एवढंच म्हटलं.

फोन ठेवल्यापासून एकच विचार. आई पंचेचाळीस किलोची असेल, फार तर. साठात बसते. पण पलंग एकच आहे. आणि तांदळाची गोणी घेतल्याशिवाय ती उंबरा ओलांडायची नाही.

ह्यांना सांगितलं. ह्यांनी चहाचा कप खाली ठेवला.
मग म्हणाले, "परत येताना चिपळूणला वजनकाटा असेल ना गं?"