उजव्या बाजूचं बटण

व्हांगारेई,
१४ जुलै १९९३

प्रिय मर्ना,

बोट तोंगा बेटांना लागल्यावर टाकलेलं तुझं पत्र मंगळवारी मिळालं. मी बरा आहे. काठी घेऊन धक्क्यापर्यंत जाऊन येतो. डॉक्टर म्हणतात, नवा खुबा चांगला बसलाय, पण हा हिवाळा सरून वसंत येईपर्यंत बोटीचं नाव काढायचं नाही. झाडाला लिंबं भरपूर आली आहेत. कुत्रं तुझ्या खुर्चीत झोपतं.

धक्क्यावर बोटदुरुस्तीवाला ट्रेव्हर भेटला. "बायको दिलीस, बोट दिलीस, ऑब्रीला कुत्रंही देऊन टाकायचंस की," म्हणाला. मी हसलो. माझ्या जागी तुझ्याबरोबर ऑब्रीला पाठवायची कल्पना माझीच होती, हे त्याला माहीत आहे.

आता बोटीवरची शेगडी. तू लिहिलेलं मी बऱ्याचदा वाचलं. रात्रीचा स्वयंपाक नीट होतो. सकाळी शेगडीजवळचं बटण लावलं की लाल दिवा लागतो, पण गॅस येत नाही. ज्या दिवशी उठल्याउठल्या गादी उन्हात टाकतेस त्या दिवशी मात्र येतो. 'हिलाही ऊन लागतं बहुतेक,' असं तू गमतीने लिहिलं आहेस.

सिलिंडर भरलेला आहे. तो बंद करून ठेवला तरी दाबाचा काटा उतरत नाही, म्हणजे गळती नाही. रेग्युलेटर ऑब्रीने नवा बसवला. त्याच्या हातात कसब आहे, हे तू दोनदा लिहिलंस. पण जुना बिघडलेला नव्हता. असता तर रात्रीही ज्योत धड राहिली नसती. उरली सिलिंडरजवळची विजेची झडप. ती उघडताना टक् असा आवाज होतो. सकाळी तो ऐकू येत नाही म्हणतेस. म्हणजे वीजच तिथवर पोचत नाही.

ऑब्री म्हणतो, "झडप काढून टाकू, नळी सरळ जोडू. नोएलला उगाच कटकटी वाढवायची हौस." त्याला हे करू देऊ नकोस. हा गॅस जड असतो. गळला तर बोटीच्या तळाशी साठतो, आणि मग एक ठिणगी पुरते. त्याने तसं म्हटलं नसतं तर पुढचं मी लिहिलं नसतं.

गेल्या हिवाळ्यात तू बहिणीकडे गेली होतीस, तेव्हा मी झडपेकडे जाणाऱ्या वायरीवर, लाल दिव्याच्या पुढे, आणखी एक बटण बसवलं. गॅस बंद केला की नाही, या विचाराने मला झोप लागायची नाही. अंथरुणातूनच बंद करता यावा म्हणून. तू हसशील म्हणून बोललो नाही. ते मागच्या खोलीत आहे, आपल्या पलंगाच्या उजव्या कडेला, गादीच्या जरा वर, लाकडात. झोपेत कूस बदलताना माझा खांदा लागायचा, ते खाली जायचं आणि सकाळी चहा अडायचा. गादी ओढून काढली, किंवा दुपारी अंथरूण आवरताना ओढली गेली, की ते परत वर जायचं.

तू डावीकडे झोपतेस. इतक्या वर्षांत कधी मध्यापलीकडे आली नाहीस.

ऑब्री पुढच्या खोलीत झोपतो, असं तू लिहिलंस. तिथे हवा छान येते, असंही लिहिलंस. मी विचारलं नव्हतं.

एकटी आहेस, पसरून झोपत असशील. तसं असेल तर लिही. मी मान्य करीन.

रात्री झोपण्यापूर्वी ते बटण वर कर आणि त्यावर घट्ट चिकटपट्टी लाव. झडपेला हात लावायचा नाही. सकाळी शेगडी पेटव.

पेटली तर कळवायची गरज नाही. नाही पेटली तर दोष त्या बटणाचा नाही, मग मात्र लगेच लिही. त्या पत्राची मी वाट बघतो आहे.

उजवीकडचा,
नोएल