कण्यांची रीत

मु. हिंगोली
फाल्गुन शुद्ध पंचमी

तीर्थस्वरूप गंगूताईस, धाकट्या बंडूचा दंडवत.

इकडं आमी सगळे खुशाल. माझं आतडं बी खुशाल आहे. हे मुद्दाम वेगळं लिहितो, कारण तुझ्या पत्रात माझ्याआधी त्याचीच चौकशी असते. शिरडला तुझे गुडघे कसे आहेत? दाजींचा खोकला हटला का न्हाई? सूर्यकांताच्या लग्नाची गडबड सुरू झाली असंल. तू पाठवलेली लोणच्याची बरणी पोचली. (प्रेमाच्या आईनं ती इतक्या वरच्या फळीवर ठेवली आहे की रोज दर्शन होतं, प्रसाद मिळत न्हाई.)

तू विचारलंस की प्रेमाला आन् नातवाला कुरुंद्याला पोचवायला गेलास, तिथं जेवलास का, आन् जेवलास तर धड परत कसा आलास. सांगतो. पण आधी औषधाचं सांगावं लागंल, त्याशिवाय पुढची गंमत कळायची न्हाई.

औंढ्याच्या वैद्यबुवांनी माझ्या पोटाच्या दुखण्याला संग्रहणी म्हटलं आन् ताकाशिवाय सगळं बंद केलं, हे तुला ठाऊकच आहे. हिंगोलीचे हकीमसाब म्हणाले, ताक बिलकूल मना, डाळिंब खा आन् इसबगोल घ्या. दवाखान्यातल्या डॉक्टरांनी मी कोकलेपर्यंत पोट दाबलं आन् सांगितलं की आतड्याला आतून सूज आहे; ताक नको, डाळिंब नको, साबुदाण्याची पेज प्या आन् ही पांढरी पूड घ्या. आता मी पुनमचंद शेठच्या जिनातला कारकून माणूस, कुणाचं मन मोडायची सवय न्हाई. मी तिघांचं बी ऐकलं. एकदमच ऐकलं! तिघांची औषधं घेतली आन् तिघांची पथ्यं बराबर पाळली. ज्यानं जे मना केलं ते ताटातून काढत गेलो, तर शेवटी ताटात नुसतं मीठ राहिलं. थोड्याच दिवसांत धोतर माझ्याभोवती दोन वेढे जास्त बसू लागलं, आन् टमरेल खाली ठेवायला सवड मिळंना. जिनात कापसाची गाडी तोलता तोलता मधीच उठून पळायचो. शेठनं माझी बैठक मागच्या दाराशी हलवली. (तिथं वारा चांगला लागतो, आपली तक्रार न्हाई.)

शेवटी प्रेमाच्या आईनं सगळ्या पुड्या-बाटल्या पदरात बांधल्या आन् मला डॉक्टरांसमोर नेऊन उभं केलं. ते आधी पोटभर हसले, मग पोटभर रागावले. म्हणाले, बंडूराव, हा आजार आता जायचा न्हाई, घरातल्या म्हाताऱ्यासारखा राहील. त्याची मर्जी सांभाळलीत तर तकलीफ देणार न्हाई. एका वेळी एकच औषध, आन् खायला बी एकेकच जिन्नस घेऊन पाहा. पुढं लढाईमुळं ती पूड यायची बंद झाली, तवा त्यांना विचारूनच हकीमसाबांचं इसबगोल धरलं. खाण्याचं एकेक करून पाहिलं. दूध पोटानं हाकलून दिलं. हरभऱ्याच्या डाळीनं तर रात्रभर तमाशा केला. ज्वारीच्या कण्या मऊ शिजवून, लोणी काढलेल्या ताज्या ताकात कालवून खाल्ल्या, आन् काय सांगू ताई, पोटानं हूं की चूं केलं न्हाई! तवापासून कण्या-ताक हेच माझं पक्वान्न. मला त्याचं दुःख बी न्हाई. शांत झोपतो, सकाळी उठून चार माणसांत बसतो, आणखी काय पायजे?

आता आमचे व्याही. किसनराव म्हंजे कुरुंद्यातलं मोठं खटलं, हळदीचे ढीग, आन् आग्रह असा की पाव्हणा हात आडवा धरील तर त्याच्या हातावर वाढतील. त्यांच्या घरची येसराची आमटी नुसती दुरून पाहिली तरी कपाळाला घाम सुटतो. पण तीन वर्षं मी तिथून सुखरूप परत येत होतो, कारण आपली रीत! लेकीला लेकरू होईस्तोवर बापानं लेकीच्या घरी जेवायचं न्हाई. आपल्या वाडवडलांनी ही रीत माझ्या आतड्यासाठीच घालून ठेवली असंल, असं मला वाटायचं. किसनराव ताट पुढं करायचे, मी दोन्ही हात जोडून म्हणायचो, रीत हाय इवाई, माझा इलाज न्हाई. आन् त्यांच्या डोळ्यादेखत पानाचा विडा तेवढा घ्यायचो.

मग प्रेमाला मुलगा झाला. बारसं इथं आमच्याकडं झालं, तुझे गुडघे धरले म्हणून तुला येता आलं न्हाई. मी नातवाला मांडीवर घेऊन बसलो होतो, इतका खूश की बस, आन् किसनराव भर मांडवात ओरडले, "इवाई, रीत फिटली! आता नातू घेऊन या, तीन वर्षांची जेवणं एकदम करू!" ताई, हातातलं लेकरू खाली पडता पडता राहिलं.

पोचवायचा दिवस जवळ आला तसा मी सुकत चाललो. जेवावं तर आतडं पुन्हा पेटणार. न जेवावं तर प्रेमाला जन्मभर ऐकावं लागणार की तुझ्या बापाला आमचं अन्न ग्वाड लागत न्हाई. तिची सासू मनानं चांगली आहे, पण बोलायला लागली की तोंडाला झाकण न्हाई. मी ठरवलं, जेवायचं. लेकीपेक्षा आतडं मोठं न्हाई. प्रेमाला काही बोललो न्हाई, पण पोरगी बाळंतपणाला चार महिने घरात होती, तिनं सगळं पाहिलेलं.

कुरुंद्याला पोचलो तर अंगणात सगळी भावकी पंगतीला बसलेली. येसर, बुंदी, पुऱ्या, तळलेल्या मिरच्या. मला मधोमध पाटावर बसवलं. मी मनातल्या मनात औंढ्याच्या नागनाथाला हात जोडले. तेवढ्यात आतून प्रेमा आली, डोईवर पदर, हातात वाफाळती वाटी. सासऱ्यासमोर बोलायचं न्हाई, म्हणून चौकटीकडं तोंड करून सासूला म्हणाली, "आत्याबाई, आमच्या माहेरी रीत हाय. बाप पयल्यांदा लेकीच्या घरी जेवतो, तवा त्यानं लेकीनं रांधलेल्या कण्याच खायच्या. त्या दिवशी दुसरं अन्न शिवायचं न्हाई."

ताई, असली रीत आपल्या सात पिढ्यांत कुणी ऐकली न्हाई! मी मान खाली घातली. पण किसनराव रीतीचे पक्के. म्हणाले, "रीत म्हंजे रीत. आन् इवाई एकटे कण्या खाणार, आमी येसर वरपणार? हे शोभत न्हाई. आधी समद्यांना कण्या वाढा!" पोरीनं हंडाभर शिजवून ठेवल्या होत्या. भावकीची तोंडं तुला पाहायला पायजे होती, बुंदीकडं डोळे आन् तोंडात कण्या. किसनरावांनी मात्र तीन वेळा मागून घेतल्या. मला वाटलं, माझा मान राखून राहिले.

तीन वर्षांनी लेकीच्या घरी, लेकीच्या हातचं जेवलो. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मिरचीनं न्हाई, कण्यांत मिरची नव्हतीच.

दाजींना नमस्कार, सूर्यकांताला आशीर्वाद. गुडघ्यांना तेल लावत जा.

तुझा,
बंडू

ता. क. – एक काम आहे, खरं तर त्यासाठीच पत्र लिहायला बसलो. ही रीत कुणाकडून आली, असं किसनरावांनी विचारलं. माझ्या तोंडून तुझं नाव निघून गेलं, आपल्यात तूच थोरली. ते सूर्यकांताच्या लग्नाला येणार आहेत. विचारलं तर व्हय म्हण, आन् लग्नाच्या पंगतीत बी आधी कण्याच वाढ. काहून, ते विचारू नको.

आणखी ता. क. – तू विचारशीलच, म्हणून सांगतो, पण दाजींना सुद्धा बोलू नको. जेवणाच्या दुसऱ्या दिवशी पहाटे गोठ्यामागं चाललो होतो, तर समोरून किसनराव येऊन राहिले, हातात टमरेल. मला बाजूला घेऊन म्हणाले, "इवाई, माझं बी तुमच्यासारखंच हाय, बरीच वर्षं झाली. एवढ्या मोठ्या घरात धन्यानं कण्या कशा मागायच्या? मी दुसऱ्यांना वाढत फिरतो, मंग मी काय खाल्लं हे कुणी पाहत न्हाई. काल पयल्यांदा चारचौघांत पोटभर जेवलो. सूनबाईची रीत आता या घरातून जाऊ देणार न्हाई." तवा ताई, हंडा मोठा चढव. आमी दोघं येऊन राहिलो.