पलंगाचे कठडे

जळकोट, ८ जानेवारी २०२५

ती. सिंधुअक्कास, धाकट्या रामलिंगचे शि. सा. न. वि. वि.

अक्षर बघून हसू नको. उजवा हात लकव्यानं गेला, हे डाव्याचं काम आहे. तू मास्तरीण, लाल शाई काढशील म्हणून आधीच सांगतो. फोनवर जीभ वळत न्हाई. मी आऽ आऽ करतो आणि सोमेश तुला सांगतो की बाबा मजेत आहेत.

मजेत काय डोंबल! पोरानं पलंगाला दोन्हीकडून लोखंडी कठडे लावलेत. उज्वला घास भरवते, तोंड पुसते, संडासचं भांडंही तीच देते. भेटायला येणारे माझ्या बायकोची तारीफ करतात आणि चहा पिऊन जातात. दिवाळीपासून मी वरचा पंखा बघायलोय. लातूरच्या डॉक्टरनं जीव वाचवला, पुढं सेवा करा म्हणाला, आणि आमच्या घरानं ते लई मनावर घेतलं. नांदेड एवढं मोठं शहर. हातपाय पुन्हा कामाला लावणारा कुणी डॉक्टर असेल तर शोध ना. संगप्पा दाढी करायला येतो, त्याच्याजवळ हे टपालात टाकायला देतो.

जीव लावतेस तसाच लावत राहा.
तुझा, रामलिंग

नांदेड, १९ जानेवारी २०२५

चि. रामलिंग यास अक्काचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी रडले, मग चप्पल घालून बाहेर पडले. हाडांचे डॉक्टर म्हणाले, हाड मोडलेलं नाही, माझं काम नाही. मेंदूच्या डॉक्टरांनी सोमेशनं फोनवर धाडलेले रिपोर्ट चाळले आणि धोका टळलाय म्हणून मला वाटेला लावलं. शेवटी एका फिजिओथेरपिस्टनं खरं सांगितलं. यासाठी वेगळाच डॉक्टर असतो म्हणे, फिजिकल मेडिसिन आणि रिहॅबिलिटेशनचा, म्हणजे पुनर्वसनाचा. आपल्याकडं पुनर्वसन म्हणजे भूकंपानंतर वसवलेली गावं. माणसाचंही करतात, हे मला साठी उलटल्यावर कळलं बघ!

आणखी दोन दिवस विचारत फिरले तेव्हा सापडल्या. बाई आहेत, वयानं लहान, बोलायला फटकळ. त्यांनी पहिलंच विचारलं, की पेशंटला स्वतःला काय करायचंय. आमच्यापैकी कुणी तुला विचारलंच नव्हतं रे. तेव्हा लिहून कळव, आणि सोमेशला घेऊन ये.

उज्वलाला, सोमेशला आशीर्वाद. माझ्यावर रुसू नको.
सिंधुअक्का

जळकोट, २ फेब्रुवारी २०२५

ती. अक्कास रामलिंगचे सा. न.

मला एकट्यानं संडासला जायचंय. बस. लिहिताना लाज वाटायली, पण तुझ्याशी काय लपवू? शेत, बाजार नंतर बघू.

सोमेश नको म्हणतो. मी पडलो तर सगळं गाव म्हणेल, पोरानं बापाचे हाल केले. पोरगं वाईट न्हाई, माझी कूस बदलायला झोपेतून उठतं. म्हणून तर भांडता येत न्हाई. परवा मी डाव्या हातानं चमचा उचलला. वरण अंगावर सांडलं, तरी दोन घास खाल्ले. उज्वलाच्या डोळ्यांना धार लागली. माझ्या सेवेत काय कमी पडलं, म्हणून विचारायली. मी चमचा खाली ठेवला. दुश्मन असते तर लढलो असतो, अक्का. ह्यांच्याशी कसा लढू? जीव गुदमरतो.

लवकर लिही. वाट बघतोय.
रामलिंग

नांदेड, ९ फेब्रुवारी २०२५

चि. रामलिंग यास आशीर्वाद आणि शाबासकी.

चमचा उचललास म्हणून शाबासकी. खाली ठेवलास म्हणून कान पिळायचाय, तो समक्ष पिळीन. गुरुवारी गाडी घेऊन येते. आत्या अजून जिवंत आहे, असं सोमेशला फोनवर सुनावलंय. तो नाही म्हणाला नाही.

उज्वलालाही आणायचंय. डॉक्टरबाई म्हणतात, तुला उभं करणं एक वेळ सोपं, पण तू धडपडत असताना तिनं हात आवरून बघत राहणं महाकठीण. दोन्ही शिकवतात म्हणे. तोवर तिच्यावर चिडू नको. तुला बोलता येत नाही हे एका अर्थी बरंच आहे!

भेटीत बोलूच, मी बोलीन, तू लिही.
तुझी अक्का

जळकोट, २० एप्रिल २०२५

ती. अक्कास रामलिंगचे शि. सा. न. वि. वि.

तुझ्याकडं राहून डॉक्टरबाईंचे उपचार घेतले, परत आल्यावर कठडे काढले. चार पायांची काठी घेऊन अंगणापर्यंत जातो. उज्वला मागून चालते, दोन्ही हात पदरात गुंडाळून.

काल ती चुलीपाशी होती, तेवढ्यात मी उठलो. संडासच्या दारापाशी पडलो. सोमेश धावला, तर उज्वला त्याला आडवी झाली. लागलं नसेल तर त्यांचं त्यांना उठू दे, डॉक्टरबाईंनी तसंच सांगितलंय, म्हणाली. रडत होती, पण जागची हलली न्हाई. भिंतीला धरून उठलो, लई वेळ लागला. आत गेलो आणि आतून कडी लावली. काय सांगू, अक्का! कुणी बघत न्हाई, कुणी पुसत न्हाई. बाहेर सोमेश दार वाजवायला लागला. मी काही लवकर उघडलं न्हाई.

आज सकाळी त्यानं ती कडी काढून टाकली. आत पडलात तर दार मोडावं लागेल, म्हणतो. त्याचंही खोटं न्हाई. ह्या वेळी उज्वलाही त्याच्याच बाजूनं आहे. दार नुसतं लोटलेलं असतं, आणि दर मिनिटाला कुणीतरी बाहेरून हाक मारतं.

तू पुढच्या आठवड्यात येणार आहेस ना? येताना एक कडी घेऊन ये. जरा दणकट बघ.

वाट बघणारा,
रामलिंग