आजीला इंग्लिश येत नाही

शुक्रवार, ३ जानेवारी

माझ्या टाचांची आज पार अब्रू गेली! मराठी मंडळाच्या वर्गात मी पिशवीचा खेळ घेतला. पिशवीत हात घालायचा, बघायचं नाही, नुसतं चाचपून सांगायचं. ओजसने हात घातला, डोळे मिटले आणि म्हणाला, "गोल आहे. कडक आहे. वरून आजीच्या टाचेसारखं आहे." पोरं हसून हसून लोळली. अक्रोड होता आत. जाऊ दे, टाच तर टाच – सबंध वाक्य मराठीत आलं ना पोराच्या तोंडून!

वर्ग सुटल्यावर चंद्रशेखर जिन्यात थांबले होते. मंडळाचे अध्यक्ष, आणि ओजसचे वडील. माणूस वाईट नाही, पण आज तोंड उतरलेलं. म्हणाले, काकू, कमिटीत विषय निघालाय. शुक्रवारचा हा तास कोडिंगच्या क्लासला द्यावा म्हणतात. मुलं इथे हसतात-खेळतात, पण जिना उतरली की इंग्लिशच. मग मराठी शिकली ती कुठे? पुढच्या महिन्याच्या बैठकीत ठरेल. काहीतरी पुरावा द्या.

पुरावा! आता पोरांच्या जिभेचा दाखला कुठून आणू मी?

मंगळवार, ७ जानेवारी

सगळे गेले. मुलगा मयुरेश ऑफिसला, सून स्मिता बँकेत, नात शिवांगी शाळेत. घर माझं.

मयुरेश ऑफिसातला जुना इंग्लिश पेपर घरी आणतो, कारण मी सांगून ठेवलंय – भाजी निवडायला कागद लागतो. आणतो बिचारा. मी आधी अग्रलेख वाचते, मग शब्दकोडं, आणि मग त्यावर कोथिंबीर निवडते. कोडं अर्धवट राहिलं तर पान पिठाच्या डब्यामागे.

इथे लिहायला काय हरकत? मला इंग्लिश येतं. शाळा सातवीपर्यंत, पण कराडला शिवणाचा क्लास चालवायचे तेव्हा कटिंगची पुस्तकं इंग्लिशमध्ये असायची. डिक्शनरी मांडीवर घेऊन एकेक ओळ उसवली. मग रेडिओवरच्या बातम्या. बोलताना अडखळते, पण समजतं सगळं.

इथे आखातात आले त्या दिवशी शिवांगीने काहीतरी इंग्लिशमध्ये विचारलं. विमानाने डोकं भणभणलेलं. म्हटलं, "बाळा, मला नाही कळत गं." ती थबकली. माझ्याकडे बघितलं, शब्द शोधला, कुठून तरी खणून काढला – "पाणी... हवं?" मयुरेश तोंडात बोट घालून बघत राहिला. आईबापाला कधी मराठीत उत्तर दिलं नव्हतं म्हणे. तेव्हापासून आजीला इंग्लिश येत नाही. एबीसीसुद्धा!

फक्त शेजारच्या खदिजाला ठाऊक आहे. हेल्थ सेंटरमध्ये फिलिपिनो नर्सशी बोलताना पकडलं तिने मला. रत्नागिरीची बाई, पोटात ठेवते. वर मला चिडवते – "ताई, एवढं नाटक तर आमच्या गावच्या जत्रेतपण नाही बघितलं."

गुरुवार, ९ जानेवारी

जेवताना स्मिता मयुरेशला इंग्लिशमध्ये म्हणाली, आईंच्या आमटीत हल्ली गूळ फार पडतो, पण कसं सांगायचं. मी मान खाली घालून भात कालवत होते.

आज गूळ कमी टाकला. स्मिता म्हणते, "आई, तुम्ही मनकवड्या आहात हो." हो ना!

सोमवार, १३ जानेवारी

पुरावा चालत आला! कश्मिरा नावाची मुलगी पुण्याहून आलीय. परदेशात वाढणाऱ्या मुलांची घरची भाषा किती टिकते, का टिकते, यावर पीएचडी करतेय. उतरली आहे रिफाला मामाकडे. आपल्या वर्गातल्या मुलांची चाचणी घेईन म्हणाली, आणि निकाल कमिटीला वाचून दाखवीन. चंद्रशेखर खूश. मी तर तिच्यासाठी लाडूच वळायला घेतले.

कोडं बघायला पिठाच्या डब्यामागचं पान काढलं. एक आडवी ओळ भरलेली! काल तर अडले होते तिथे. मीच भरली असणार. डोक्याची चाळणी झालीय नुसती.

शुक्रवार, १७ जानेवारी

पार वाट लागली.

मंडळाच्या तुबली भागातल्या खोलीत चाचणी झाली. शुक्रवारी इथे सुट्टी, खालची गॅरेजं बंद, ठोकाठोक नाही, टाचणी पडली तर ऐकू येईल अशी शांतता. कश्मिरा टॅबवर चित्र दाखवी आणि मराठीत विचारी. मुलांना सगळं कळत होतं! पण उत्तर? मोट दाखवली, ओजस म्हणाला, "ही इज डुइंग समथिंग विथ अ बकेट." चूल दाखवली, तर एक म्हणे "बार्बेक्यू". शिवांगीसुद्धा – माझी शिवांगी! – खाडखाड इंग्लिशमध्ये बोलून मोकळी. एकेकाला सुटं काढलं, टेबलाशी बसवलं, समोर नवी बाई, हातात टॅब. ती शाळाच झाली. आणि शाळेत यांची जीभ इंग्लिशच.

कश्मिराने लपवलं नाही. समजणं उत्तम, बोलणं जवळजवळ नाही – असं लिहावं लागेल म्हणाली. तोंड एवढंसं झालेलं तिचं.

मी म्हटलं, अगं, क्लासमध्ये मी माप घ्यायला टेप काढला की बायका पोट आत घ्यायच्या. त्या मापाने शिवलं की ब्लाउज घट्ट! माझ्या मापात चूक नसायची, आणि बाईच्या पोटातही नाही. मी टेप कधी काढायचा, ते शिकायला मला फार वेळ लागला. गप्पांत रमवायचं आणि मग हळूच.

ती लाडू खाता खाता थांबली. म्हणाली, "आजी, एक वेगळी पद्धत आहे. मधे पडदा ठेवायचा. दोन्ही बाजूंना सारखीच खेळणी. मूल आपल्या बाजूला मांडणार, आणि पलीकडच्याला सांगून सांगून तसंच मांडायला लावणार. मनात होतं माझ्या, पण पलीकडे बसणारं माणूस मिळत नव्हतं. मुलांना खात्री हवी, की या माणसाला इंग्लिश येतच नाही."

मयुरेश मला न्यायला आला होता. दारातूनच म्हणाला, "मग शोधतेस काय? आमची आई आहे की. तिला एबीसी येत नाही."

सगळी खोली माझ्याकडे बघायला लागली. शिवांगीसुद्धा. मी काय करणार? हो म्हटलं.

शनिवार, १८ जानेवारी

खदिजा पोट धरून हसली. मग म्हणाली, "ताई, ती पोरगी खरं समजून लिहील ना. तिच्या शिक्षणाचा प्रश्न आहे."

तेच टोचतंय.

शुक्रवार, २४ जानेवारी

काय सांगू! पोरं अशी बोलली, अशी बोलली – तव्यावर पोळी टम्म फुगावी तशी!

कश्मिराने या वेळी इथलीच खेळणी आणली. राउंडअबाउट, कोल्ड स्टोअर म्हणजे इथलं वाण्याचं दुकान, पेट्रोल पंप, मशीद, खजुराची झाडं, लाल गाडी. मधे पुठ्ठ्याचा पडदा. अलीकडे मी, पलीकडे मूल. कश्मिरा कोपऱ्यात, नसल्यासारखी.

ओजसला डावा-उजवा येत नाही. म्हणून अडला? छे! "आजी, गाडी त्या हाताकडे ठेव. ज्याने जेवत नाही ना, तो हात." मी ठेवली. पडदा काढल्यावर गाडी बरोबर जागेवर! त्याने दोन्ही हात वर करून खोलीभर फेरी मारली. चंद्रशेखर दारात उभे होते. चष्मा काढून पुसत होते उगाच.

एक चिमुरडी झाडावर अडली, मराठी शब्द आठवेना. म्हणाली, "आजी, ज्याच्यावर खजूर राहतात ते." राहतात! भाडेकरू असल्यासारखे!

शिवांगी शेवटी. तिने तर कमाल केली. सावकाश, एकेक शब्द नीट, जशी मी बालवाडीत आहे. मधेच म्हणाली, "पंपाच्या पाठी पार्क आहे. थांब, तुला पार्क म्हणजे कळणार नाही ना? मग बाग म्हणते." आणि पडद्यावरून डोकावून मिश्कील हसली. लबाड!

घरी येताना खुशीत होते. पण कश्मिरा भरभर टिपून घेत होती ते आठवलं आणि खदिजाचं बोलणं पुन्हा टोचायला लागलं.

सोमवार, २७ जानेवारी

कश्मिराला बोलावून घेतलं. चहा ठेवला आणि सरळ सांगून टाकलं. इंग्लिशमध्ये सांगितलं, म्हणजे खात्रीच पटेल!

ती मग इतकी हसली की चहा सांडला. म्हणाली, चाचणी फुकट गेली नाही, तुम्हाला इंग्लिश येत नाही असं मुलांना वाटत होतं ना, तेवढं पुरे. उलट हाच तर माझा मुख्य मुद्दा – गरज पडली की मुलं भाषा काढतात, नाही पडली की ठेवून देतात. "पण आजी, ऐकणाऱ्याला इंग्लिश येत होतं, हे मला लिहावं लागेल. बैठकीत वाचावं लागेल. नसेल चालत, तर मी हा भागच काढते. तुम्ही सांगाल तसं."

हा भाग काढला तर उरतं काय? मोट आणि बार्बेक्यू. वर्ग गेलाच.

आणि ठेवला, तर सगळ्यांना कळणार. शिवांगीला कळणार. मग ती माझ्याशी मराठीत कशाला बोलेल? गरजच संपली. कश्मिराच्या संशोधनातच लिहिलंय तसं!

दोन दिवस दे म्हटलं.

मंगळवार, २८ जानेवारी

शिवांगी शाळेतून आली आणि दप्तर टाकायच्या आत सुरू – "आजी, आज काय झालं माहितीये? नाझिशच्या डब्यात मुंगळा निघाला, आणि ती ओरडली, आणि मॅमपण ओरडल्या!" सगळं साभिनय. हात, डोळे, मुंगळ्याची चालसुद्धा.

हे बंद होणार?

बुधवार, २९ जानेवारी

खदिजाला विचारलं. ती मासे साफ करत होती. म्हणाली, "वर्गात किती पोरं आहेत? आणि घरात किती?" एवढंच. मग माझ्या हातात दोन तळलेल्या तुकड्यांची ताटली दिली.

संध्याकाळी कश्मिराला फोन केला. लिही म्हटलं. सगळं लिही.

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

बैठक झाली. मुलांना शेजारच्या खोलीत कॅरम दिला होता.

कश्मिराने छान वाचलं. मुलांची वाक्यं जशीच्या तशी. "ज्याने जेवत नाही तो हात" आल्यावर कमिटीतले कोडिंगवालेसुद्धा हसले. मग तो भाग आला. ऐकणाऱ्या चारुलता आजींना प्रत्यक्षात इंग्लिश उत्तम येतं, परंतु मुलांना...

पुढचं कोणी ऐकलंच नाही. सगळ्या माना वळल्या. मयुरेश उभा राहिला. "आई? म्हणजे इतकी वर्षं आम्ही तुझ्यासमोर जे जे बोललो..." मी म्हटलं, ते सगळं. स्मिताने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. हळूच विचारलं, "गूळ?" मी म्हटलं, "गूळ. आणि माझ्या वाढदिवसाला आणायची ती पैठणी. जांभळी नको गं, हिरवी आण."

हसण्याचा असा लोंढा आला की अध्यक्षांना ठराव दोनदा वाचावा लागला. वर्ग राहिला! कोडिंग शनिवारी. पडद्याचा खेळ दर महिन्याला घ्यायचा, आईबापांनी पलीकडे बसायचं, आणि इंग्लिश शब्द आला की कान धरून "कळलं नाही" म्हणायचं. ही सूचना चंद्रशेखरांची! यल्ला, चला, चहा घ्या, म्हणत त्यांनीच सगळ्यांना उठवलं.

पण गाडीत बसल्या बसल्या मयुरेशने शिवांगीला सांगून टाकलं. इंग्लिशमध्येच. "युअर आजी नोज इंग्लिश!" त्याला मजा वाटत होती, पोटात कुठे पाप आहे त्याच्या. शिवांगीने माझ्याकडे एकदा बघितलं आणि तोंड खिडकीकडे वळवलं.  आमचं हमद टाउन येईपर्यंत मी आपली राउंडअबाउट बघत बसले.

शनिवार, ८ फेब्रुवारी

दिवसभर "ओके", "फाइन", "नो थँक्स".

धिरडी केली होती. तिची आवडती. खाल्ली, पण इंग्लिशमध्ये.

वर्गातली सगळी पोरं मिळाली. घरातली एक गेली. चालायचंच, म्हणते. चालत मात्र नाही.

रविवार, ९ फेब्रुवारी

सकाळी शिवांगीचा डबा भरत होते, रविवारी इथे शाळा असते. शिवांगी स्वयंपाकघरात आली, दार लोटलं, आणि कमरेवर हात ठेवून फटाफट मराठीत भांडली. "तू सगळ्यांना का सांगितलंस? ते आपल्या दोघींचं होतं ना?" मग पिठाच्या डब्यामागे हात घालून कोड्याचं पान काढलं, दप्तरातली पेन्सिल घेतली आणि मी परवा अडले होते ती नवी आडवी ओळ माझ्यादेखत भरली. मला इंग्लिश येतं हे कधीपासून माहितीये गं, विचारलं. म्हणाली, पहिलीत होते तेव्हापासून.

कश्मिराला फोन करायला हवा. निष्कर्ष चुकलाय म्हणावं.