पायऱ्या चढता येतात

३ मार्च, सकाळ
थोरल्या बहिणीचा, अक्काचा फोन. वीस तारखेला ती परदेशी, लेकीकडे जाणार; कायमची. वय चौऱ्याऐंशी, दृष्टी जेमतेम, दोन वर्षांपासून चाकांच्या खुर्चीत. परंतु आवाज खणखणीत. जाण्याआधी एकदा तोंड दाखवून जा रे पंतोजी, म्हणाली.
संकल्प: दहा तारखेच्या आत अक्काकडे जाणे. एकट्याने. मुलगा रजा काढतो म्हणाला. नकार दिला. आयुष्यभर शाळेत इतरांची वाक्ये उभी करणाऱ्यास गाडीत बसवण्यासाठी कुणी हाताला धरण्याची आवश्यकता नाही.
गुडघे सध्या विश्रांती घेत आहेत. पलंगाशेजारचा वॉकर टॉवेल वाळत घालण्यासाठी आहे.

४ मार्च
सूनबाईने मोबाइलमध्ये एक ॲप घातले. ज्यांना चालणे, पाहणे वा ऐकणे कठीण जाते, त्यांचा प्रवास ते कृत्रिम बुद्धिमत्तेने आखून देते. कुठे उतार आहे, कुठली लिफ्ट चालू आहे, मदतीला माणूस कुठे उभा राहील, सर्व. मी त्याचे नाव वाटाड्या ठेवले. बोलतो शुद्ध, अनुस्वारही गिळत नाही.
प्रथम त्याने प्रश्न विचारले. चालताना आधार लागतो का? नाही. पायऱ्या चढता येतात का? येतात, त्या कशा चढाव्यात, याचे मला संपूर्ण ज्ञान आहे. चाकांची खुर्ची हवी का? उत्तर देणेच अपमानास्पद होते. परंतु त्यावाचून ॲप पुढे सरकेना, म्हणून नाही.
दारातून सूनबाई म्हणाली, बाबा, त्याला तरी खरं सांगा हो, ते काही गावभर करत सुटणार नाही. मी खरेच सांगितले होते.

६ मार्च, दुपार
पहिली मोहीम. वाटाड्याच्या मते बसथांबा सात मिनिटांवर. त्याचा हिशेब कच्चा आहे. कुंपणाच्या भिंतीला धरून (भिंत मजबूत आहे का, हे पाहण्यासाठी) पोहोचलो, तोवर एक बस गेली होती. दुसरी आली. पायरी उंच. ड्रायव्हरने आदराने विचारले, काका, गाडी जरा खाली वाकवू का? माझ्यासाठी बस वाकणार! पुढे जा, असे खुणेने सांगितले. तो गेला.
परतताना कोपऱ्यावरचा शिंपी सोबत आला. त्याला माझ्या दंडाला धरून चालण्याची सवय दिसते.

७ मार्च
वाटाड्याकडे तक्रार नोंदवली. आपल्याविषयीच्या माहितीत काही बदल करायचा आहे का, असे त्याने नम्रपणे विचारले. नाही. बदल बसमध्ये करावा.

११ मार्च, संध्याकाळ
दहा तारखेचा संकल्प तांत्रिक कारणाने अकरावर गेला. टॅक्सीने स्टेशनपर्यंत. गाडी पलीकडच्या फलाटावर. वाटाड्या म्हणाला, पूल ओलांडा. पुलाच्या पायथ्याशी बाक होते. बसून पायऱ्यांचे निरीक्षण केले. गाडी समोर आली, उभी राहिली, गेली. वाटाड्या म्हणाला, पूल ओलांडा.
स्टेशनचा एक कर्मचारी चाकांची खुर्ची घेऊन आला. आजोबा, बसा की, रिकामीच आहे, लिफ्ट त्या टोकाला आहे, पुढच्या गाडीला सोडतो तुम्हाला. मी कुणाची तरी वाट पाहत आहे, असे कळवले. कुणाची, म्हणाला. अक्काची, असे तोंडून गेले. तो खुर्ची घेऊन गेला. त्यानंतर उठावे असे वाटले. गुडघ्यांना वाटले नाही.
दुपार त्याच बाकावर गेली. शेवटी मुलगा न्यायला आला. वाटेत त्याने फक्त जेवलात का, एवढे विचारले. आणखी विचारले असते, तर उत्तर तयार होते.

१४ मार्च
गुडघे सुजले आहेत. वाचनास उत्तम काळ. खिडकीतून समोरची भिंत दिसते, तिच्यावर पाण्याचा पाइप, पाइपवर कधीकधी कबुतर. आज कबुतरही नाही. पलंग ते न्हाणीघर हा प्रवास टॉवेलच्या वॉकरसह केला. टॉवेल ओला होता.
दररोज सकाळी वाटाड्या विचारतो, प्रवास सुरू करायचा का? आज मोबाइल उशीखाली ठेवला. तिथूनही विचारले.
अक्काला फोन केला. रेल्वेच्या ढिसाळ कारभाराविषयी सविस्तर सांगितले. तिने सर्व ऐकून घेतले. मग म्हणाली, पंतोजी, तेच ॲप माझ्याकडेही आहे. तू त्याला काय सांगितलंस?
नेटवर्क खराब असल्याचे सांगून फोन ठेवला.

१७ मार्च
अक्का आली. एकटी.
वाटाड्याच्या सगळ्या प्रश्नांना तिने हो म्हटले होते. पायऱ्या चढता येतात का, याला मात्र मोठ्याने नाही. तिच्या घरापाशी उताराची गाडी, रेल्वेच्या डब्याला खुर्ची चढवण्याची फळी, इकडे फलाटावर माणूस. त्या माणसाने तिला विचारले म्हणे, चार-सहा दिवसांमागे एक आजोबा बाकावर बसून कुणा अक्काची वाट पाहत होते, त्या तुम्हीच का?
सूनबाई हसत आत निघून गेली. अक्का हसली नाही. माझा चेहरा चाचपून पाहिला आणि म्हणाली, वाळलास रे. मग म्हणाली, विमान काय, इथूनही उडतं; तोवर मी इथंच.

२० मार्च
विमानतळ. अक्काने वाटाड्याला सांगून दोन खुर्च्या मागवल्या होत्या. मी बसलो; केवळ तिला एकटे वाटू नये म्हणून. दोन्ही खुर्च्या शेजारी-शेजारी चालल्या. वाटभर तिने माझा हात धरला होता. काचेच्या दारापाशी तिची खुर्ची पुढे गेली, माझी थांबली. तिला मागे वळून काही दिसणार नव्हते. तरी मी हात हलवत राहिलो.
खुर्ची ढकलणाऱ्याने विचारले, आजोबा, गाडीपर्यंत चालता येईल ना?
नाही, म्हणालो.
त्याने पुन्हा विचारले नाही.