टाचणीएवढा ठिपका

दि. ७ मार्च, शुक्रवार

दादा,

नमस्कार. इकडे सगळं ठीक आहे, असं सवयीने लिहिणार होते. तू फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र रंगाच्या ट्रकवाल्या काकांच्या हाती देतेय.

ज्या रंग फवारायच्या मशीनवरून बाबांशी भांडून तू घर सोडलंस, ते शेवटी मीच घेतलं. गोदामाच्या लोखंडी खांबांचं काम मिळालंय. रंग इतका जाड की डब्यात काठी उभी राहावी. मशीन नुसतं थुंकायचं. बाबा खूश. म्हणाले, "तुझ्या दादाचं लाडकं बाळ ओकतंय बघ." मग मीही हट्टाला पेटले. मोठ्या भोकाचं नोझल लावलं, आतली बारीक जाळी काढून जाड बसवली, पाइप रुंद आणि आखूड केला, दाब वाढवला. रंग असा सरसर बसायला लागला की बाबांनी माझ्या हातातून मशीनची गन काढून घेतली. दोन खांब मारले आणि हसले. खरंच हसले रे.

मग नोझलवर रंगाचा गोळा साचला. ब्रशचा ओघळ बोटाने पुसायची त्यांची जन्माची सवय. चालू गनचं तोंडही त्यांनी तसंच पुसलं, डाव्या हाताने, म्हणजे त्यांच्या ब्रशच्या हाताने. बोटावर टाचणी टोचल्याएवढा ठिपका. रक्त नाही, फारसं दुखणंही नाही. "मुंगी चावली," म्हणाले आणि उरलेले खांब संपवले. मीही पुढचा डबा ढवळायला घेतला.

संध्याकाळी बोट टरटरून फुगलं. दवाखान्यात नेलं. मला वाटलं, मलम देतील. डॉक्टरीणबाईंनी ठिपका पाहिला आणि त्यांचा चेहराच उतरला. "मशीनच्या दाबाने रंग कातडी फोडून आत पार हाडापर्यंत गेलाय. हात वाचवू, बोटाचं सांगता येत नाही." दादा, एवढासा ठिपका होता.

बोट गेलं. बाबा भुलीत होते, बोट कापायच्या कागदावर सही मी केली. त्यांना अजून माहीत नाही. पट्टी भली मोठी आहे, आत तेच बोट खाजतंय म्हणतात. मी म्हणते, खाजवू नका. सोमवारी पट्टी सोडणार आहेत. त्याआधी त्यांना सांगायला हवं आणि माझी जीभ रेटत नाही. तू ये.

खरं तर हे पत्र लिहायला त्यांनीच बसवलंय. "थोरल्याला कळव, मला मशीन जमलं. बाकी काही लिहू नकोस," म्हणाले.

समोर बसून विचारतायत, लिहिलंस का.

लिहिलं म्हणून सांगणारी,
तुझी धाकटी